पाच कपडे आणि तुमचा फोटो

उस्ताद, दोन पँटी, दोन फुल बाह्यांचे शर्ट आणि आतून खिसा असलेली एक बंडी. एवढं मी माझ्या हातानं केलं. कापड मी निवडलं, बेतलं मी, कापलं मी, शिवलं मी. काजंसुद्धा हातानंच केली, कारण मशीनचं काज वर्षभरात उसवायला लागतं. गुडघ्याला आतून दुहेरी कापड. बसताउठता फाटू नये म्हणून दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा. शिलाईला दीड इंच माया सोडलेली, माणूस अंगानं भरला तर उसवून सैल करता यावं म्हणून. आणि दर सेटबरोबर त्याच थानातली वीतभर कतरण, ठिगळासाठी, पँटीच्या मागच्या खिशात घडी घालून. हे सगळं आधीच सांगून ठेवतो, कारण परवा पुण्याहून आलेल्या एका बाईनं माझ्या दुकानात बसून मला विचारलं, की हे सगळं तुम्ही तुमच्या गुरूंकडून शिकलात ना? आणि बोट केलं ते तुमच्या फोटोकडं.

फोटो आपल्या टेलर सोसायटीचा आहे, पाटी लावली त्या दिवशीचा. मधोमध खुर्चीवर तुम्ही, चेअरमन, भर वैशाखात बंद गळ्याचा कोट घालून. मी कडेला, अर्धा फोटोच्या बाहेर. आणि त्या बाईला तुम्ही माझे गुरू वाटलात! उमापूरला तुमच्या दुकानात मी काम शिकायला आलो होतो तो दिवस तुम्ही विसरला असाल, मी नाही. तुम्ही माझा हात पालथा केलात, सुलटा केलात आणि गिऱ्हाईकांसमोर म्हणालात, "ह्यो नांगराचा हात हाय. ह्याला कात्री धरायची न्हाई." बाकावरची माणसं हसली. मग मी बाजारात जुने कोट, जुन्या पँटी घ्यायला लागलो. घरी आणून ब्लेडनं टाका टाका उसवायचो, तुकडे रद्दीच्या कागदावर मांडून पेन्सिल फिरवायचो आणि परत शिवायचो. सगळ्यात आधी बाही शिकलो, कारण बाही सगळ्यात अवघड. गुरू म्हणायचाच असेल तर ते ब्लेड म्हणा. पुढं सोसायटी नोंदवायला सभासद कमी पडले, तेव्हा मात्र हाच नांगराचा हात तुम्हाला सहीसाठी चालला.

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, लग्नं पुढं ढकलली, आणि लग्नं नाहीत तर शिंप्याला काय काम? गाव मात्र दरवर्षीपेक्षा आधी आणि जास्त संख्येनं ऊस तोडायला निघायला लागलं. सोसायटीत शाळेच्या गणवेशाचं राखाडी कापड उरलेलं होतं. मी सभेत उभा राहिलो. तोडीला जाणारा माणूस अर्धं वर्ष पाचटाच्या कोपीत, एवढ्याशा झोपडीत राहतो, घरभराचं सामान एका पत्र्याच्या पेटीत. त्यात तो एक लाल शर्ट नेतो, त्याच्यावर चालणारी एकच पँट नेतो. पँट फाटली की शर्ट पेटीत पडून राहतो. त्यापेक्षा पाचच कपडे द्यावेत, एका रंगाचे, कोणताही कशावरही चालणारा. फुल बाही, म्हणजे उसाचं पान हात कापणार नाही. रंग असा की काजळी दिसणार नाही. मी सगळं मापासकट सांगितलं.

तुम्ही चष्म्यावरून बघता. मी नमुना पुढं करतो, तो दोन बोटांत धरता.

"का रं, माणसाला पोत्यात घालतो का?"

सभा हसते. मी म्हणतो, ताकदीचं कापड आहे.

"आन् लग्नाला काय घालंल ह्यो?"

"ह्येच. बाह्या खाली सोडायच्या, तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची."

"अरं, गरिबाजवळ एक तरी कापड असं पायजे, का ते घातल्यावर बायकोनं वळून बघावं. तू पाची बी कामाचेच देतो. ह्ये कपडे न्हाईत, वर्दी हाय."

हात वर झाले, ठराव पडला. तुमच्यासारखे शौकीन तुम्हीच. तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलानं तुमची पेटी माझ्याकडं आणली होती, कपडे त्याच्या मापाचे करायला. मखमली कॉलरचा कोट, झुळझुळीत शर्ट, पट्ट्यापट्ट्याची पँट. एकाचंही दुसऱ्याशी जमेना. पेटी भरलेली, आणि पोरानं उद्या घालून जायचं म्हटलं तर काही नाही.

गणवेशाचं ते थान मी सोसायटीकडून स्वतः विकत घेतलं आणि सेट शिवले. पहिला सेट नेला आमच्या आळीतल्या एका तोडकऱ्यानं. पाडव्याच्या सुमाराला तो परत आला, पाचही कपडे धड होते, कोपराला तेवढं ठिगळ, तेही माझ्याच कतरणीचं, लांबून कळत नव्हतं. त्यानंतर त्याच कपड्यांत तो त्या हंगामातल्या सगळ्या लग्नांना गेला. मी त्याला मुद्दाम तुमच्या दुकानावरून चालवत नेणार होतो. तेवढ्यात तोच म्हणाला, "बेस हायेत कपडे. पर फोटोत मला वळखू येईना, ह्ये कोन्तं लगीन आन् ते कोन्तं." मी त्याला नेला नाही. त्याच ज्येष्ठात तुम्ही गेलात, आणि आपला वाद तसाच राहिला.

आता ही बाई. बोलायला चांगली, कापड हातात धरायचं कळतं तिला. शहरात म्हणे शिकलेले पुरुष पैसे मोजून कपाट रिकामं करतात आणि मोजकेच, सगळे एकमेकांवर चालणारे कपडे ठेवतात. माझा सेट तिला तिकडं विकायला तसाच्या तसा हवा होता. फक्त दोन गोष्टी. एक, नव्या शर्टाच्या कोपरावर आधीच ठिगळ मारून द्यायचं. मी विचारलं, भोक कुठंय? ती हसली. दुसरी, डब्यावर तुमचा फोटो, आणि खाली लिहायचं की ही विद्या उस्तादांनी शिष्याला दिली. मी म्हणालो, त्यांनी मला हाकललं होतं. ती म्हणाली, "काका, नुसता शर्ट कोणी घेत नाही. मागे कोणीतरी गुरू लागतो."

ठिगळ एक वेळ मारलं असतं. रात्रंदिवस दुसऱ्याच्या आवडीचंच तर शिवतो आपण. यंदाही पाऊस नाही, आणि रेडिमेडमुळं दुकानात दिवसाला एखादी चेन बदलायला येते तेवढीच. बायको म्हणाली, फोटोच तर आहे, मेलेल्या माणसाला काय त्रास? मी म्हणालो, "मेलेल्याला न्हाई. मला हाय."

हे पत्र तुमच्या मुलाला पाठवावं असं एकदा वाटलं होतं. पण त्यानं तो मखमली कोट अजून ठेवलाय असं ऐकतो, म्हणून राहू दिलं. मशीनच्या खणात ठेवतो. तिथं ते कुणी वाचणार नाही, म्हणून एवढं लिहून टाकतो. दुसऱ्या वर्षापासून सेटमधला एक शर्ट मी पांढरा करतो. दोन्ही पँटींवर चालतो, आणि लग्नात माणूस वेगळा दिसतो. तो तुमच्या टोमण्यातून आला. बाकीचे चार माझे. बाईला हे बोललो नाही, तिनं लगेच लिहून घेतलं असतं. तिचं म्हणणं असं होतं: महिन्याला पन्नास सेट, शिलाई दर सेटला बाराशे, आणि तुम्हाला गुरू म्हणून छापायचे वेगळे, एकदाच, दीड लाख. मी सगळ्यालाच नको म्हणालो.