पाखराच्या तोंडातला सोडा

माय, काल माझ्या सुनेने तुझी कोशाच्या रेशमाची चादर मशीनमध्ये धुतली. बाहेर काढली तर जागोजागी विरलेली, बोट लावलं की फाटत होती. मी तोंड उघडलंच होतं, आणि माझं तोंड तुला माहीत आहे. तेवढ्यात ती म्हणाली, "आई, मीच टाकली. धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावरचं वाचलं नाही. चुकलं माझं." सबब नाही, रडारड नाही. मी तोंड मिटलं. राग आलाच, पण तिचा नाही.

ती सुटी आठवली. मी नववीत आहे. भंडाऱ्याच्या कॉन्व्हेंटमधून सुटीत एसटीने घरी आले आहे. तू पडवीत बसून उघड्या मांडीवर कोशाचा धागा वळतेस आणि मला त्या मांडीची लाज वाटते. चुलीवर पुढचे कोसे राखेच्या पाण्यात उकळत आहेत. विणकराने विश्वासाने तुलाच दिलेले, कारण तुझा धागा सगळ्यांत सारखा. सिस्टरांनी आम्हाला साबण करायला शिकवला होता, त्यातला उरलेला कॉस्टिक सोडा माझ्या बाटलीत होता. राख अल्कली, सोडाही अल्कली. मग ही बाई अर्धा दिवस चुलीशी कशाला जाळते? तू पाण्याला गेलीस आणि मी अख्खी बाटली भांड्यात ओतली. तू परत येऊन झाकण काढलंस तेव्हा आत कोसे नव्हतेच. नुसता चिकट, पिवळट लगदा.

संध्याकाळी विणकर आला. "बाई, कोसे उकडाले देल्ले होते का खीर रांधाले?"

तू काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मायचा डोळा लागला. आग जास्त झाली."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि भांडं उचलून आत नेलंस. पुढच्या हंगामात त्याने कोसे दुसऱ्या बाईकडे दिले, त्याच्याही पुढच्या हंगामात तिलाच. तू दुसऱ्यांच्या बांधीत मजुरीने भाताच्या रोवणीला जाऊ लागलीस.

पण कोसे विरघळले त्याच रात्री, भांडं खरवडताना, तू माझी बाटली धुऊन माझ्या हातात दिलीस आणि विचारलंस, "राख तं कोशातला निस्ता डिंक खाते, धाग्याले हात नाही लावत. यानं दोन्ही काहून खाल्लं?"

"ती केमिस्ट्री आहे. तुला नाही कळणार," मी म्हटलं. खरं तर मलाच कळलं नव्हतं.

"बरं. मंग कोशात किड्याचं पाखरू होते, त्याचं सांग. ते कोशातून निंगताना निस्ती थुंकी लावते. डिंक सुटते, धागे बाजूले सरकते, ते बाहेर येते. त्याच्या तोंडात कोणता सोडा आहे वं?"

मला वाटलं होतं, तू माझ्याकडून कबुली काढायला विचारतेस. नाही. बाटली हातात दिलीस तिथे तो विषय तुझ्यापुरता संपला होता. तुला खरोखर पाखराच्या तोंडातलं जाणून घ्यायचं होतं.

उत्तर मला नागपूरला बी.एस्सी.ला मिळालं. डिंक आणि धागा, दोन्ही प्रोटीन. त्याच छोट्या मण्यांच्या लांब माळा, फक्त मण्यांचं प्रमाण आणि मांडणी वेगळी. धाग्यात माळा एकमेकींना चिकटून दाबून रचलेल्या, पेंढ्यांच्या गंजीसारख्या, म्हणून राखेचं पाणी आत शिरत नाही. डिंकातल्या माळा सैल आणि पाण्याच्या ओढीच्या, म्हणून त्या सुटतात. माझा सोडा इतका जहाल की त्याने माळाच तोडल्या. आणि तुझ्या पाखराची थुंकी? तीही प्रोटीनच! घडी पडून तिला एक खाच झालेली असते. डिंकाची सैल माळ त्या खाचेत बसते आणि तुटते. धाग्याची गच्च रचना बसत नाही. जसा आकार तसं काम. पुड्यातल्या पावडरीतही माळा तोडणारं प्रोटीन असतं, पण त्याला ही निवड जमत नाही. दुधाचा डाग काय आणि तुझी चादर काय, त्याला सारखंच. केस, नखं, रक्तातला लाल रंग, सगळं एकाच घराण्यातलं. ज्या मांडीची मला लाज वाटायची ती मांडीसुद्धा.

हे ऐकून तू केवढी खूश झाली असतीस. आणखी दहा प्रश्न विचारले असतेस. मी पुढे तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं, आणि उत्तर न येणाऱ्या मुलांवर नाही, प्रश्न न विचारणाऱ्या मुलांवर ओरडले. पण उत्तर कळलं त्या दिवाळीत मी घरी आले होते. तू चुलीपुढे होतीस, चांगली चालती-बोलती, त्यानंतरही पाच-सहा वर्षं होतीस. विणकरही होता, चार घरं सोडून. मी तुला नागपूरच्या संत्र्यांचा भाव सांगत बसले. कारण पाखराचं उत्तर द्यायचं तर सुरुवात बाटलीपासून करावी लागली असती.

हे पत्र मी विरलेल्या चादरीत गुंडाळून ठेवणार आहे, पोस्टाची तिकिटं कशाला नासवू. तेवढं एक मात्र लिहून ठेवते, कुणीतरी वाचेलच. त्या दिवशी तुझा डोळा लागला नव्हता, माय. तू पाण्याला गेली होतीस.