खड्याला टेकवलेली सुई

केज, मंगळवार, संध्याकाळ

दोन वर्षं अंबरच्या, म्हणजे लाखो वर्षं जुन्या राळेच्या, खड्यातल्या ज्या परजीवी गांधीलमाशीचं मी वर्गीकरण करतेय, तिचे पंख आजच्या माशीशी इतके कसे जुळतात, हे खटकतच होतं. आज खड्याला तापलेली सुई टेकवली. खऱ्या अंबरला राळेचा वास येतो. याला प्लास्टिकचा आला. परत टेकवली. प्लास्टिकच.

खडा देणाऱ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. वाटलं, हादरतील. ते शांतपणे म्हणाले, "सुई लावायला कुणी सांगितलं होतं? सकाळी येतो मी खडा न्यायला."

मी हो म्हणाले. प्रबंधावर त्यांची सही व्हायचीय अजून. पण सुईच्या डागासकट फोटो काढून ठेवले.

"कावून गप हायस?" नवऱ्यानं विचारलं.

"उद्या सकाळी घरीच थांबा," एवढंच बोलले.