परीक्षा होईपर्यंत कोंडलेला आवाज

सौ. गीताले,
मनापासून जयभीम.

मी मजेत आहे. भात रोज भेटते, तिखट मात्र भेटत नाही.

फोन काहून लागत नाही म्हणून घाबरली असशील. इथली चिनी पोरं कॉलेजच्या प्रवेशासाठी इंग्रजीची मोठी सराव-परीक्षा देणार आहेत. त्यातला ऐकायचा पेपर माझ्या आवाजात आहे. तो फुटू नये म्हणून क्लासवाल्यांनी आम्हा वाचणाऱ्यांले हॉटेलात ठेवलं अन् फोन जमा केले. अजून अकरा दिवस आहेत. सही मीच केली, आता भांडू कोणाशी? "सर, तुम्ही आमचे पाहुणे," असं देखरेखीची बाई हसून म्हणते अन् बाहेरून कडी लावते.

बैहरले जंगल-सफारीची जीप चालवताना गोऱ्या पाहुण्यांचं बोलणं ऐकून इंग्रजी शिकलो, ते इथं कामी आलं. प्रत्येक संवाद दोनदा वाचतो. खोकलाही दाबून ठेवतो.

रविवारी आपल्या समीक्षाले पाहायले बालाघाटचे पाहुणे येणार. मी असतो तर पोराचं बोलणं ऐकूनच माणूस ओळखला असता. तो आपल्या आईशी कसा बोलते? आपली पोरगी त्याच्यासमोर मोकळी बोलते, का नुसतं हौ-हौ करते?

पण ही बाई पत्र परीक्षा झाल्यावरच टपालात टाकणार. तुले भेटेल तेव्हा होकार-नकार देऊन झाला असेल. समीक्षाले विचारून तू जे सांगितलं असशील, तोच माझाही शब्द आहे. कोणी "महेंद्रले विचारलं का?" म्हटलं, तर हे पत्र दाखव.

तुझा,
महेंद्र