अभंगाची चौकट सरकली

येलहंका, ४ ऑगस्ट २०२५

चि. शंभूराज यास अप्पांचे अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार केली की तू अंगठा पाठवतोस, आणि फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. इकडे सर्व क्षेम आहे, टीव्ही सोडून. तू शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआरला बसल्या बसल्या आमच्या पडद्यावरची मांडणी परत बदललीस. गेल्या महिनाभरात कितव्यांदा, हे मोजणं मी सोडून दिलं आहे.

तुझ्या आईला पडद्यावरच्या चौकटी नीट दिसत नाहीत, म्हणून ती रिमोट बोटांनी चालवते. खाली, मग उजवीकडे, मग मधलं बटण, की अभंग सुरू. दिवसभरात कुणाला न विचारता करावी अशी तिची ही एकच गोष्ट उरली आहे. शुक्रवारी तिने तेच केलं आणि शेअर बाजार सुरू झाला. तिने मला हाका मारल्या म्हणे. अरे, हवाई दलाची विमानं छपरावरून जातात तीही मला ऐकू येत नाहीत. मी मागे झाडांना पाणी घालत होतो, आणि ती बिचारी दुपारभर शेअर बाजार ऐकत बसली. संध्याकाळी मलाच विचारते, निफ्टी म्हणजे काय.

होतं तसं करून दे. सूनबाईंना आशीर्वाद. राग मांडणीवर आहे, तुझ्यावर स्वल्प.

अप्पा


एचएसआर लेआउट, ९ ऑगस्ट

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

अंगठा पाठवायची हिंमत झाली नाही. पण मांडणी मी उगाच बदलत नाही हो. आईला दिसत नाही म्हणूनच चौकटी मोठ्या केल्या, रंग भडक केला, आणि ती जे जास्त लावते ते आपोआप पुढे सरकेल अशी सोय केली. ऑफिसात मी दिवसभर हेच करतो, लोक खूश असतात. आईला विचारलं तर तीही छान झालंय म्हणाली. तक्रार फक्त तुमची आहे. अप्पांना कुठलाच बदल चालत नाही, हे तुमच्या सूनबाई चंदनाचं मत, मी नुसतं कळवतो.

थोडी सवय होऊ द्या. रागावलात तरी पत्र पाठवत राहा.

आपला,
शंभू


येलहंका, १४ ऑगस्ट

चि. शंभूराज यास आशीर्वाद.

सवय कशी होणार? तिने अभंग लावले की तुझ्या त्या सोयीमुळे अभंगच जागा सोडून पुढे जातात. रोज लावते हाच तिचा गुन्हा. परवा तिथे कानडी पाककृती लागल्या. आता तिने रिमोट कपाटात ठेवून दिला आहे. मी लावून देतो म्हटलं तर नको म्हणाली, तुम्हाला कशाला त्रास. मला हे बघवत नाही.

आणि आई छान म्हणाली, हे मला सांगू नकोस. तू केलेला करपलेला उपमाही तिने छान म्हणून संपवला होता. एकदा डोळे मिटून रिमोट हातात घे, मग मला सवयीचं सांग.

माया आहे म्हणूनच इतकं लिहितो.

अप्पा


एचएसआर लेआउट, १९ ऑगस्ट

ती. अप्पांना शि. सा. न. वि. वि.

डोळे मिटून बसलो. माझीच मांडणी, आणि मला साध्या बातम्या लावता आल्या नाहीत. चंदना हसली. इतके दिवस मी आईच्या डोळ्यांसाठी खटपट करत राहिलो आणि तिच्या बोटांचा विचारच केला नाही, याची लाज वाटते. आज पहिली मांडणी परत लावली आहे आणि ते आपोआप सरकणं कायमचं बंद केलं आहे. रिमोट तिच्या हातात द्या.

हे करण्याआधी तिला फोन केला होता. चौकटी खरंच दिसतात का, खरं सांग म्हटलं. म्हणाली, न दिसायला काय झालं, तू दिलेला निळा रंग तर फार उठून दिसतो.

अप्पा, तेव्हा त्या सगळ्या पिवळ्या होत्या. निळा रंग मी कधी दिलाच नव्हता.

शनिवारी येतो आणि तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतो. तोवर तिला काही बोलू नका. दोघांनीही लोभ असू द्यावा.

आपला,
शंभू