आईच्या पदातली जागा

॥ श्री ॥

तांडापेठ, नागपूर
रविवार, ता. १५ डिसेंबर १९५७

ती. तुळजाबाईस,

धाकट्या भावाचा, शालिकचा, साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही उमरेडला बरे असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. या पत्राला दोन वर्षं उशीर झाला आहे. पण पहिल्याच ओळीत रागावू नकोस बाई, खाली रागवायला पुष्कळ मिळेल.

यंदा थंडी जोरात आहे. तुझी भावजय सकाळी चुलीपासून हलत नाही आणि मी पेटी घेऊन बसलो की भाजी चिरायला लावते. हातमाग मी विकलेला नाही, सुटा करून माळ्यावर ठेवला आहे. आता मुलींच्या शाळेत पेटी वाजवतो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. राजधानी मुंबईला गेली, तशी इथली साहेबलोकांची अर्धी बिऱ्हाडं उठली आणि मार्तंड मास्तरांच्या गाण्याच्या शिकवण्या बसल्या. म्हणूनच चाळिशी उलटलेल्या माझ्यासारख्या विद्यार्थ्याला ते अजून सोडत नाहीत.

तर मी नोटेशन शिकलो. म्हणजे कागदावरचे सूर वाचायला आणि लिहायला शिकलो.

मी पेटी कशी शिकलो ते तुला ठाऊक आहे. भजनी मंडळातल्या बुवांची बोटं बघितली आणि तुझा गळा ऐकला, एवढंच. तू गायचीस आणि मी मागून यायचो. शाळेत लागलो तेव्हा मोठ्या बाई, चारुशीलाबाई म्हणतात त्यांना, सरळ बोलल्या की हात गोड आहे तुमचा, पण कायम व्हायचं असेल तर कागद वाचता आला पाहिजे. मी मास्तरांकडे गेलो. त्यांनी पुढ्यात कागद ठेवला आणि सा पांढरी एकवर धरायला सांगितला. कागदावर सा दिसला की माझं बोट आपलं काळी पाचवर. चार दिवस हेच. शेवटी मास्तर वैतागले.

"शालिकराम, सा कुठंबी धरता येते गा. तुमचा का खुट्याले बांधून ठेवला हाय?"

मी म्हटलं, "मास्तर, माही बाई काळी पाचात गाते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग तेच इसरायचं हाय तुमाले पयले."

आणि मी विसरलो. लहान पोरासारखा ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलो. खाली टिंब म्हणजे खालचा सूर, वर टिंब म्हणजे वरचा, अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, आणि सूर लांबवायचा तर पुढे लहान रेघा, एका रेघेला एक मात्रा. डोळे दुखायचे. कान आधी धावायचा आणि डोळा मागून लंगडत यायचा. मग एक दिवस, जन्मात कधी न ऐकलेलं एक पद नुसत्या कागदावरून माझ्या बोटांत उतरलं. गाणारं माणूस घरात नाही आणि गाणं आहे. त्या दिवसापासून मला शिंगं फुटली. मंडळातल्या कोणी एखादी चाल धरली की मी विचारायचो, लिहून आहे का? तुझी भावजय म्हणायची, एवढं वाचता तर दुकानदाराची चिठ्ठी बी सुरात वाचा.

त्याच भरात मी आईचं पद लिहून काढलं. धागा सांधला ग बाई, दिवेलागण झाली. आई रहाटावर सुताच्या कांड्या भरताना म्हणायची, ते. तिच्यामागे तू म्हटलंस, आणि आई गेल्यावर तुझ्याशिवाय कोणाला ते पुरतं येत नाही. पद दोनच ओळींचं, पण "सांधला" वर आई थांबायची. रहाटावर धागा तुटलेला असायचा आणि तिला गाठ मारायची असायची. गाठ बसेपर्यंत ओठ मिटून ती आतल्या आत काहीतरी गुणगुणायची आणि मग "ग बाई" म्हणून पुढे जायची. कधी पटकन, कधी उशिरा. तूही तस्सं करायचीस. तुझ्या हातात धागा नसायचा तरी तू थांबायचीस, आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत भाता हलका ठेवून तुझ्यासोबत त्या गुणगुणण्यात फिरायचो.

लिहिताना इथंच घोडं पेंड खायला लागलं. किती मात्रा लिहायच्या? आणि त्या गुणगुणण्यातले सूर कसे दाखवायचे? मी तेव्हा साध्या खुणांपर्यंतच पोचलो होतो, त्यापुढच्या शिकलोच नव्हतो. जे लिहिता येईना ते सोडलं, "सांधला" पुढे दोन रेघा ओढल्या आणि पद पूर्ण झालं म्हणून घरभर दाखवत सुटलो.

रामटेकबद्दल लिहायचं नाही, असं ठरवून बसलो होतो. पण ते टाळून हे पत्र पुढे जात नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्रिपुरी पौर्णिमेला मंडळ रामटेकला गेलं होतं आणि तू उमरेडहून आली होतीस. गडाखालच्या धर्मशाळेत दुपारी भजन बसलं. तू आईचं पद उचललंस आणि मी पेटीवर कागद ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तू गात असताना मी तुझ्याकडे बघत नव्हतो. "सांधला" वर तू थांबलीस, मी दोन मात्रा मोजून पुढे गेलो. तू दचकलीस, पुन्हा मागून ओळ घेतलीस. मी पुन्हा पुढे. मग मी पेटीवरचा हात काढला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, तू चुकून राहिली. अथी दोनच मात्रा हायेत. हे पाय, लिहून हाय."

तू विचारलंस, "कोनं लिवलं?"

"म्या."

"मंग राहू दे तुह्यापाशीच."

मागे कोणीतरी हसलं. तुला हसलं की मला, ते आजवर कळलं नाही. तू टाळ खाली ठेवलेस आणि न जेवता उमरेडच्या बायांसोबत निघून गेलीस. मी तुझ्यामागे आलो नाही. मला वाटलं, बाई चिडली, संक्रांतीला येईल. मनातून मला असंही वाटत होतं की चूक तुझीच आहे, कारण माझ्यापाशी कागद होता.

आता शाळेचं सांगतो. जानेवारीत संमेलन आहे. चारुशीलाबाईंनी आईचं पद घेतलं आहे, माझ्याच कागदावरून. पोरी छान म्हणतात, सगळ्या एका मापात. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर आईचं नाव छापायला दिलं आहे, रुख्माबाईंचे पद म्हणून. मी खुशीत होतो. परवा तुझ्या भावजयीला तालीम ऐकायला घेऊन गेलो. तिला सुरातलं काही कळत नाही, ती स्वतःच सांगते. येताना ती माझ्यापुढे झपझप चालत होती. मी विचारलं, काय झालं?

म्हणाली, "मायचं गानं हे नाही."

"काहून वं?"

"मायच्या गान्यात धागा तुटे. ह्या पोरींचा तुटतच नाही."

मी रस्त्यातच उभा राहिलो. घरी आलो, कागद बाजूला सारला, काळी पाच धरली आणि पद वाजवायला बसलो. "सांधला" आलं आणि बोटं दोन मात्रांनी आपोआप पुढे निघून गेली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. त्या गुणगुणण्यात आई कुठल्या सुरावर जायची, खाली जायची की वर, मला आठवत नाही बाई. इतकी वर्षं तुझ्यामागे वाजवलं, पण ते तुझ्याकडे बघून वाजवलं होतं. माझं स्वतःचं म्हणून ते कधी नव्हतंच. आणि आता डोळे मिटले तर मला आईचं तोंडही दिसत नाही, तो कागद दिसतो, त्यावरच्या त्या दोन रेघांसकट.

आता मला सगळ्या खुणा येतात. मास्तर ज्यांना कणस्वर म्हणतात, ते ओझरते सूरही लिहिता येतात. लिहायला काही उरलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. आई गेली तेव्हाही असं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा तिचं गाणं घरात होतं.

चारुशीलाबाईंना मी सांगितलं की पद चुकीचं उतरलं आहे, घेऊ नका. त्या म्हणाल्या, "पत्रिका छापायला गेली शालिकराम. आणि कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं, एका माणसाला कळतं. त्यांनी संक्रांतीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर आहे तसंच आईच्या नावावर म्हटलं जाईल. पुढच्या वर्षीच्या पोरी ते या पोरींकडून शिकतील आणि तेच खरं होऊन बसेल.

तू म्हणशील, मग ये आणि ऐकून जा, एवढं लांबण कशाला? लांबण लावतो आहे, कारण पुढचं लिहायला हात होत नाही.

यंदा दसऱ्यानंतर तू इथल्या मोठ्या दवाखान्यात होतीस, गळ्याची गाठ काढायला. मला माहीत होतं. माझा भाचा, तुझा रुपराव, गांधीबागेत सूत घ्यायला आला तेव्हा त्यानेच सांगितलं. मी आलोही होतो. तुझ्या भावजयीने पेजेचा डबा दिला होता. वॉर्डाच्या दारातून तू दिसलीस. गळ्याला पट्टी होती आणि रुपरावला पाणी मागायला तू हाताने खुणा करत होतीस. मला आत येववेना. डबा मी दाराजवळच्या एका म्हातारीला दिला आणि परत फिरलो. घरी सांगितलं की तू सगळी पेज प्यालीस. कधी विषय निघालाच तर तूही तसंच सांग, एवढी तरी लाज राख माझी.

रुपराव गेल्या आठवड्यात पुन्हा भेटला. म्हणाला, आता बोलता येतं, पण आवाज खरखरतो, सूर धरत नाही, आणि डॉक्टरांनी हे होईल असं आधीच सांगितलं होतं. तुला गाणं म्हणायचा प्रयत्न करताना त्याने ऐकलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, मामा, रामटेकहून आल्यापासून ती कधी गायलीच नाही.

म्हणजे गळा होता तेव्हाही तू दोन वर्षं गप्प बसलीस. ती दोन वर्षं माझी आहेत. गाठीने नेलं ते नंतरचं. क्षमा मागण्याइतकं लहान हे नाही, म्हणून मागत नाही.

पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, मी इतवारी स्टेशनावरून सकाळच्या छोट्या लाइनच्या गाडीने पेटी घेऊन येतो आहे. तू गाऊ नकोस. बोलूही नकोस. मी वाजवतो आणि तू नुसती बस. चुकलो की मान हलव, मी पुन्हा मागून घेईन. खाली जायचं तर हात खाली कर, वर जायचं तर वर कर. तू मान हलवायची थांबशील तेव्हाच मी कागद काढीन, आणि तोही तू म्हणशील तर.

दार उघडायचं नसलं तर नको उघडूस. मी तुझ्या ओट्यावर बसून आईचं पद वाजवीन. मला ओळखून आहेस तू, आणि मीही तुला. चुकीचा सूर कानावर आला की तुला घरात बसवत नाही. तू बाहेर येईपर्यंत मी चुकीचंच वाजवत राहीन बाई, कारण मला आता दुसरं येत नाही.

तुझा चुकलेला भाऊ,
शालिकराम