बर्फ उतरला की निघते

व्हाल-क्लेरे,
१२ फेब्रुवारी १९९७

ती. कोरांतीन आत्यास,
सोलेनचा शि. सा. न., वि. वि.

तुझं पत्र आणि खाऱ्या लोण्याच्या बिस्किटांचा डबा, दोन्ही पोचलं. वाटेत बिस्किटांचा चुरा झाला होता. पेरोन्न बाईंनी तो चमच्यानं खाल्ला आणि म्हणाल्या की समुद्राकडच्या लोकांना हवामान कळत नसेल, पण लोणी कळतं. घरमालकीण असून इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या गावाकडची केलेली ही पहिली स्तुती. जपून ठेव.

इकडे सगळं ठीक. सुट्ट्यांमुळे गाव ओसंडून वाहतंय. काल एका पॅरिसच्या गृहस्थांना स्ट्रेचरवर घालून खाली आणलं. पाय मुरगळलेला, पण वाटभर मलाच समजावत होते की स्की कसं करायचं असतं. मी हो हो म्हटलं. आमच्या बचाव पथकातला आंतेल्म असता तर त्यांना तिथंच उतरवून म्हणाला असता की मग करा पाहू. तो सध्या घरी आहे, पाय प्लास्टरमध्ये. पडला होता जरा. बरा आहे.

आता मुद्द्याचं. फोनवर सांगितलं असतं, पण तू नुसतं काय, काय करतेस आणि मी ओरडून ओरडून सगळ्या गल्लीला बातमी देते. म्हणून लिहिते. आत्या, हा माझा इथला शेवटचा हिवाळा. बर्फ उतरला की निघते. कायमची. तुझी होडी मी चालवीन म्हणते. परवान्याची परीक्षा वसंतात तिकडेच देईन. वाचून खुर्चीवर बस, उभी राहू नकोस.

एका हिवाळ्यासाठी आले होते नि एकविसाव्या वर्षी आलेली मी आता चाळिशीला टेकले. कुणी हाकललेलं नाही, कुणाशी भांडण नाही, गुडघेही शाबूत आहेत. तू लहानपणी मला विचारायचीस ना, भरलं का पोट, की डोळ्यांची भूक आहे? तर पोट भरलं. एवढंच.

पेरोन्न बाईंनी हे ऐकलं. उठून माझ्या ताटात आणखी बटाटे वाढले.

खांद्याला शेक देतेस ना? राग आला तरी उत्तर लिही. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
सोलेन


पोर्झ-ग्वेन,
२० फेब्रुवारी १९९७

चि. सोलेन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्यानंच वाचलं. मला बसवायला तुझं पत्र पुरत नाही.

माझा खांदा गेला हे तुला कुणी कळवलं ते मला ठाऊक आहे. त्या पोस्टातल्या बाईला मी आता दोन दिवस नदीपलीकडे नेणार नाही, जाऊ दे तिला पुलावरून वळसा घालून. हो, डॉक्टर म्हणाले की सुकाणू धरायचं बंद करा. मेयरसाहेब टोपी हातात घेऊन आले आणि गोड बोलून सांगून गेले की उन्हाळ्याआधी नवा नावाडी मिळाला नाही तर होडी बंद करावी लागेल, आता पूल आहेच. मी त्यांना म्हटलं की पूल तुमच्या आजोबांच्या वेळेपासून आहे, तरी तुम्ही शाळेला माझ्याच होडीतून जात होतात.

पण म्हणून तू यावंस असं नाही. माझ्यासाठी कुणी आपलं आयुष्य गुंडाळून आलेलं मला चालणार नाही. आईवेगळी पोर म्हणून तुला वाढवलं ते म्हातारपणी सुकाणूवर बसवायला नाही. होडी बंद पडली तर पडू दे. मी खिडकीत बसून मेयरला शिव्या देईन, दिवस मजेत जातील.

दुसरं असं, की मला मूर्ख समजू नकोस. तुझं एक पत्र बर्फाशिवाय नसायचं. आज कसा पडला, पिठासारखा की साखरेसारखा, निळा की करडा, पानंच्या पानं. मला बर्फाचं काय कौतुक, पण वाचायचे. या वेळी सगळ्या पत्रात बर्फ फक्त एकदाच आला, तोही जाण्यापुरता. काय झालं? कुणा पुरुषानं दुखावलंय का? की घाबरलीस? घाबरून पळून येणार असशील तर येऊ नकोस, कारण पाणीही काही कमी नाही. आणि पोट भरल्याच्या गोष्टी मला सांगू नकोस, तुझं पोट एका ताटात कधी भरलं नाही.

खरं काय ते लिही. तोवर माझं उत्तर नाही असंच समज. आशीर्वाद मात्र आहेत, त्यांना अट नाही.

तुझी,
कोरांतीन आत्या


व्हाल-क्लेरे,
३ मार्च १९९७

आदरणीय कोरांतीनबाईंना,
आंतेल्म ब्लांशोचा सा. न. वि. वि.

आपली भेट कधी झालेली नाही. तरी तुमचा आवाज मला चांगला ठाऊक आहे, कारण तुमची पत्रं सोलेन पेरोन्न बाईंच्या स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचते. परवाचं मात्र तिनं वाचलं नाही. घडी करून खिशात घातलं आणि भांडी घासायला लागली. मग मी विचारून विचारून हैराण केलं तेव्हा कळलं. हे पत्र तिला न सांगता लिहीत नाही. सांगितलंय, आणि ती म्हणाली की तुझा हात मोडलेला नाही, लिही.

मी जरा पडलो होतो, असं तिनं लिहिलं. बाई, मी पडलो नव्हतो. मी गाडला गेलो होतो.

गोष्ट जानेवारीतली. लोकांना वर नेणारे पाळणे सुरू व्हायच्या आधी आम्ही वरचे उतार तपासतो. जिथं बर्फ अवजड वाटतो तिथं सुरुंग लावून तो आधीच पाडतो, म्हणजे नंतर लोकांच्या अंगावर येत नाही. त्या सकाळी दोन बार झाले, पुष्कळ पडला, आम्हाला वाटलं उतार मोकळा झाला. मी पुढं गेलो. माझ्या वरच्या अंगाला राहिलेला बर्फ तुटला आणि मला घेऊन गेला. त्यानंतरचं मला थोडंच आठवतं. अंधार होता, छातीवर कुणी घोडा बसवल्यासारखं झालं होतं, आणि हात कुठं आहेत ते कळत नव्हतं.

आमच्या गळ्यात एक यंत्र असतं, ते गाडलेल्या माणसाचा माग काढतं. बाकीचे खालून येईतो सोलेननं एकटीनं मला शोधलं आणि फावड्यानं, मग हातांनी उकरलं. मला पहिली ऐकू आली ती तिची बडबड, तुमच्या भाषेत. मला वाटलं देवाचा धावा करतेय. नंतर विचारलं तर म्हणाली, धावा कसला, लहानपणी न सांगता होडी घेऊन गेल्यावर आत्या मला जे बोलली होती, ते सगळं तुला ऐकवत होते. म्हणजे तुमच्या शिव्यांनी मी वर आलो, हे तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही विचारता, ती घाबरली का. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच उतारावर कामाला गेली. त्यानंतर एक दिवस चुकवलेला नाही. रात्री झोपते, नीट जेवते, नव्या मुलांना रागावते. पळणारा माणूस मी ओळखतो, ही तशी नाही.

मीही तिला राहा म्हणालो होतो. कसं म्हणालो आणि काय विचारलं ते तुम्ही ओळखाल. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली की मी या डोंगराकडे जे जे मागितलं ते त्यानं दिलं, शेवटी तुलासुद्धा परत दिलं. आता आणखी मागायला तोंड नाही, मागितलं तर ती हाव होईल. कुणाचे उपकार संपायच्या आत उठावं, म्हणजे पुन्हा भेटायला लाज वाटत नाही. मला हे पटलं असं नाही. पण जिनं मला उकरून काढलं तिला मी इथं पुरून ठेवू का?

बर्फाबद्दल ती लिहीत नाही, कारण बर्फाबद्दल लिहिलं असतं तर हे सगळं लिहावं लागलं असतं, आणि तुमचा खांदा दुखत असताना तुम्हाला घोर लावायचा नव्हता.

बाई, तिला तुमची कीव आलेली नाही. ती नदीबद्दल बोलते तेव्हा तिच्या तोंडावर जे दिसतं ते मी तिच्या पहिल्या हिवाळ्यात पाहिलं होतं, बर्फाकडे बघताना. मला ते पाहून बरं वाटत नाही, पण दिसतं तसं लिहिलं. तुम्ही तिला वाढवलंत म्हणून मी आज हे लिहायला आहे. आभार मानायला याहून चांगले शब्द आमच्या खोऱ्यात नाहीत. ममता असू द्यावी.

आपला,
आंतेल्म


पोर्झ-ग्वेन,
१० मार्च १९९७

चि. सोलेन हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मित्राचं पत्र आलं. वाचताना बसले. दोनदा.

ये.

पण ऐक. मला अंघोळ घालायला, औषधं मोजायला येऊ नकोस. वरची खोली तुझी, तिथली मासळीची जाळी मी काढून घेतली आहे. सकाळची कॉफी मी करीन, तुझी कडू होते. माझी मतं मी होडीत सांगणारच, तुला ऐकायची नसतील तर इंजिन मोठं कर, तसंही मला ऐकू कमी येतं. परीक्षेचं पुस्तक मागवलं आहे. त्यातले दिवे आणि शिट्ट्यांचे नियम बदललेत म्हणे, मी पाळत होते ते कुठले होते देव जाणे.

आणि पुन्हा असलं काही झालं तर मला लिहायचं. घोर करणं हे आत्यांचं काम आहे, ते तू परस्पर काढून घेऊ नकोस.

त्या पेरोन्न बाईंना माझा नमस्कार सांग. तुला बटाटे वाढले ते मला समजलं, असंही सांग. बाकी भेटीत.

तुझी,
कोरांतीन आत्या


व्हाल-क्लेरे,
२८ एप्रिल १९९७

ती. कोरांतीन आत्यास,
सोलेनचा शि. सा. न., वि. वि.

संपला हंगाम. पाळणे बंद झाले, दुकानांच्या फळ्या लागल्या, रस्त्यात चिखल आहे आणि पेरोन्न बाईंच्या अंगणात जांभळी फुलं वर आली आहेत. परवा निघते.

शेवटच्या दिवसाचं तुला सांगायचंय. संध्याकाळी सगळे लोक खाली गेले की वर कुणी राहिलं नाही ना, हे बघत शेवटी आम्ही उतरतो. दर वळणावर थांबून हाक द्यायची, कुणी आहे का? मग कान द्यायचा. त्या दिवशी पथकातल्या पोरांनी मला एकटीला सोडलं. मी हाका देत देत अगदी हळू उतरले. बर्फ मऊ झाला होता, वरून गुलाबी, सावलीत निळा. (हे घे, तुझा बर्फ.) शेवटच्या वळणावर हाक दिली, कान दिला, कुणी नव्हतं. तेव्हा मी मोठ्यानं आभार मानले. कुणाचे ते मला विचारू नकोस. डोंगराचे, त्या दिवसाचे, आंतेल्मच्या श्वासाचे, मला एकविसाव्या वर्षी जाऊ दिलंस म्हणून तुझेही. एकटी उभी राहून बोलत होते. वेडी वाटले असते, पण बघायला कुणी नव्हतं.

रात्री पेरोन्न बाईंकडे सगळे जमले. चीज वितळवून बटाट्यांवर ओतलं, पोरं बेसूर गायली. पेरोन्न बाईंनी त्यांच्या लग्नातलं लोकरीचं ब्लँकेट दिलं. मी नको म्हटलं तर रागावल्या, की समुद्रावर ओलाव्यानं हाडं कुजतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मग आत जाऊन बराच वेळ आल्याच नाहीत. मी मागे गेले. आम्ही दोघी भांड्यांच्या कपाटाला टेकून उभ्या होतो. त्या म्हणाल्या की भाडेकरू पुष्कळ मिळतील, पण आता माझ्याशी रोज भांडेल कोण?

आंतेल्म प्लास्टर काढून चालायला लागलाय. आज गावाबाहेरच्या कुरणापर्यंत काठी टेकत माझ्याबरोबर आला. मला रडू आलं नाही असं लिहिणार होते, पण तुला खोटं चालत नाही. आलं. त्यालाही आलं, पण तो म्हणाला की वारा आहे. वारा नव्हता.

दुःख आहे, आत्या, पण वाईट वाटत नाही. या दोन्हीत फरक असतो हे मला आत्ता कळलं. सामान थोडंच आहे. मोठं चीज आणते, गाडीतले लोक नाक मुरडतील.

वाट पाहा. आता लोभ पत्रातून नको, दारात दे.

तुझी,
सोलेन


पोर्झ-ग्वेन,
९ ऑक्टोबर १९९७

चि. आंतेल्म यास,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही म्हणायचं की तू, यावर मी दोन दिवस घालवले. माझ्या शिव्या खाऊन जगलास, तेव्हा तू.

तुझी पत्रं सोलेन मला वाचून दाखवते, काही ओळी गाळून. गाळते तेव्हा कान लाल होतात, त्यामुळे मजकूर साधारण कळतो. ती तुला खुशाली कळवतेच, पण स्वतःबद्दल नीट लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली. शिट्ट्यांत गोंधळली. गावानं मजा करून घेतली, की डोंगरावरची बाई पाण्यावर घसरली. दुसऱ्यांदा पास झाली आणि मेयरनं तिचा हात इतका हलवला की मला वाटलं हिचाही खांदा घालवतो. सुरुवातीला ती होडी धक्क्याला जरा आपटायची. उतारू माझ्याकडे बघायचे, मी आकाशाकडे बघायचे. आता आपटत नाही. शाळेची मुलं तिला डोंगरआत्या म्हणतात. ऑगस्टमध्ये एक लठ्ठ पर्यटक दाटून आलेल्या हवेत पलीकडे जायला हटून बसला होता. तिनं त्याला शांतपणे सांगितलं की आज नाही, आणि त्याला आमच्या घरी आणून धिरडी खायला घातली. तो तीन धिरडी खाऊन, माझे आभार मानून पुलावरून गेला.

नोव्हेंबरात तुमच्याकडे बर्फ नसतो आणि लोकही नसतात, असं ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा तर मी विचारलंही नव्हतं. आमच्याकडे खाली एक खोली रिकामी आहे. माझं म्हणणं काही नाही, मी फक्त खोलीची माहिती देते आहे.

आता खरं लिहायचं ते. मागच्या रविवारी ऊन पडलं होतं. सोलेन म्हणाली, आत्या, चल, बस. मी म्हटलं की मला पलीकडे काही काम नाही. ती म्हणाली, म्हणूनच चल. मी नेहमीसारखी सुकाणूकडे निघाले, तर तिनं मला खांद्याला धरून फळीवर बसवलं, उतारूंच्या जागेवर. बाबा रे, सगळा जन्म त्या होडीत गेला, पण त्या फळीवर मी कधी बसले नव्हते. हातांचं काय करावं ते कळेना. मांडीवर ठेवले.

नदी ओलांडताना मी आजवर फक्त पाणी पाहिलं होतं. वारा कुठला, ओहोटी किती, वाळू कुठं वर आली. त्या दिवशी पाणी ती बघत होती. म्हणून मी मान वर केली. आमचं गाव पाण्यावरून किती सुंदर दिसतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या भिंतीवर ऊन होतं. माझ्या वाळत घातलेल्या चादरीसुद्धा चांगल्या दिसत होत्या.

पलीकडे तिनं हात दिला. मी उतरले नाही. म्हटलं, चल, परत ने. आणि सावकाश ने.

पायाला जप. पेरोन्न बाईंना नमस्कार, ब्लँकेट मीच घेते आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. येणार असशील तर आधी कळव, नसशील तरी लिहीत जा. या घरात आता तुझ्यावरही माया आहे.

तुझी,
कोरांतीन आत्या