गाळलेला चौकोन

दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर आटोक्यात आहे ना? मोतीबिंदू काढल्यावर सासूबाईंना नीट दिसतं का? त्यांच्या नजरेतून आधीही काही सुटत नव्हतं म्हणा. आणि लेक कशी आहे? पाचवा महिना लागला म्हणे. मामेभावाकडून कळलं.

सव्वीस वर्षांनी माझं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

माझं चाललंय. शिवणयंत्र अजून धडधडतं, सुईत दोरा ओवायला तेवढी शेजारीण लागते. हल्ली शिवण्यापेक्षा वाचतेच जास्त. सातवी शिकलेली बाई शब्दकोश मांडीवर घेऊन जनुक नि अस्थिमज्जा वाचते, हसशील तू.

माझ्या लेकीला मुलगा झाला होता. सात महिन्यांचा होऊन गेला.

अंगात रोगाशी लढणारं सैन्यच नव्हतं त्याच्या. जन्मतःच. आम्हाला काय ठाऊक! जो तो येऊन पापा घेत होता, मी सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या महिन्यात खोकला धरला, तो सुटलाच नाही.

त्याला ठेवलं त्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई यावर संशोधन करतात. बाळाच्याच हाडातल्या पेशी काढायच्या, बिघडलेल्या जनुकाचा धड नमुना त्यांत घालायचा आणि त्यालाच परत द्यायच्या. उसवलेल्या जागी त्याच ताग्याचं ठिगळ, असं मी समजून घेतलं. पण फुप्फुसं आधी स्वच्छ व्हायला हवीत. आम्ही चार महिने वाट बघितली. पलीकडच्या खोलीतला मुलगा बरा होऊन गेला, आता अंगणात माती खातो म्हणे. त्याचा दोष जन्मल्या दिवशीच कळला होता. त्याच्या आजीनं सगळं खरं सांगितलं होतं.

मी नव्हतं सांगितलं.

लेक गरोदर असताना नर्सनं कागदावर घराण्याची आकृती काढायला घेतली होती. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, गेलेल्यावर तिरपी रेघ. “आजी, तुमच्याकडे एखादा मुलगा तान्हेपणी गेलाय का?” विहीणबाई शेजारीच, कान टवकारून. मी म्हटलं, “छे गं, आमच्याकडची मुलं खणखणीत!” तुझ्या नावाखाली एक गोल काढायला लावला, तुझ्या लेकीचा. चौकोन गाळला.

बाळाचं निदान झालं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा दोष आईकडून येतो, बायकांना काही होत नाही, मुलगे जातात. तेव्हा कुठे तुझ्या गेलेल्या मुलाचं माझ्या तोंडातून निघालं. लेक एवढंच म्हणाली, “आई, एक चौकोन काढायला काय झालं होतं तुला?” त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मलाही दुसरं काय मिळायला हवं?

धाकटे, तुझा पाच महिन्यांचा गेला तेव्हा भरल्या घरात मी म्हटलं होतं, “हिच्या हयगयीनं गेला.” तू त्याला उघड्यावर न्हाऊ घातलंस, असं मीच चारजणींना सांगत फिरले. आई ऐकत होती, तिनंही तुझी बाजू घेतली नाही. तुझी हयगय नव्हती. काही चुकलं नव्हतं तुझं. ते आईच्या रक्तातून आपल्या दोघींत आलं होतं. वीतभर जीभ होती माझी, तेवढीच चालवली.

माफी मागायला हे लिहीत नाही. ती मागायला तोंड कुठे आहे? लिहितेय ते तुझ्या लेकीसाठी. तिचं रक्त या आठवड्यातच तपासून घे. दोष निघाला आणि मुलगा झाला, तर नाळेतलं रक्त त्याच दिवशी तपासायला लाव, आणि निकाल येईपर्यंत कुणाला, आजीलासुद्धा, पापा घेऊ देऊ नकोस. डॉक्टरीणबाईंचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. त्यांना तुझ्या मुलाचं सगळं सांग, लाजू नकोस.

मला शिव्या घालायच्या तर घाल, पानभर घाल. पण तपासणीचं काय झालं ते लवकर कळव. इथे मी विचारपूस करावी असं दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुझी, म्हणू देशील तर,
ताई